एसी बसवायला कोणाला बोलवावे, आणि त्याच्याकडे नेमका कोणता कागद मागावा?

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब तालुक्यात राहणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांनी यवतमाळच्या दुकानातून दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी घेतला. घर गावठाणातले, स्लॅबचे, आणि वायरिंग १५ वर्षांपूर्वीचे. कंपनीचा माणूस आठ दिवसांनी येईल, असे दुकानदार सांगतो. गावातला फ्रिज दुरुस्त करणारा मुलगा आज संध्याकाळीच बसवून द्यायला तयार आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला आहे आणि घरात वृद्ध वडील आहेत. ‘लायसन असलेल्या माणसाकडूनच काम करून घ्या’ असे त्यांना जो तो सांगतो, पण ते लायसन कोणते, ते कोण देते आणि ते खरे कसे ओळखायचे, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी आयटीआयमधून हाच ट्रेड करून गेली २७ वर्षे वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर या पट्ट्यात एसी व शीतगृहांची कामे करीत आलो आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबले तरी पूर्ण द्यावे असे वाटते.

पहिली गोष्ट अशी, की ‘एसी मेकॅनिकचे लायसन’ या नावाचा एकच एक सरकारी परवाना आपल्या देशात नाही. अमेरिकेत शीतक वायू हाताळणाऱ्या प्रत्येक मेकॅनिकला केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावेच लागते. आपल्याकडे घरगुती एसीसाठी तशी सक्ती नाही. म्हणून कोणी छातीवर कार्ड लावून ‘मी गव्हर्न्मेंट लायसन्ड एसी मेकॅनिक आहे’ असे म्हणाला, तर ते कार्ड हातात घेऊन शांतपणे वाचावे. आपल्याकडे या एका कामाचे तीन भाग पडतात आणि प्रत्येक भागाचा कागद वेगळा असतो. वीजजोडणीचा परवाना सरकार देते, वायूच्या कामाचे शिक्षण प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्रावरून कळते, आणि यंत्राची वॉरंटी टिकवण्याचा अधिकार कंपनीने नेमलेल्या माणसाकडे असतो. हे तिन्ही एकाच माणसाकडे असणे खेड्यात दुर्मीळ आहे, आणि तशी गरजही नाही. कोणते काम कोणाकडून करून घ्यायचे एवढे ठरले, की निम्मा घोळ मिटतो.

परवाना हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो तो विजेच्या कामाला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनुसार घरातील वायरिंगमध्ये नवी भर घालणे किंवा बदल करणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्र्याकडून (वायरमनकडून) करून घ्यायचे असते. महाराष्ट्रात ही अनुज्ञप्ती राज्य शासनाच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेमार्फत मिळते. तिच्यावर क्रमांक असतो आणि मुदतही असते. मुदतीची तारीख आवर्जून पाहावी, कारण वडिलांच्या नावाचा जुना परवाना भिंतीवर टांगून मुलगा काम करतो, असे तालुक्याच्या गावी बरेचदा आढळते. तारतंत्री आणि वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) हे आयटीआयचे ट्रेड आहेत. ते केलेले असणे चांगलेच, पण आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे.

दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर घेतो, आणि बाहेर ४५ अंश तापमान असताना त्याहून जास्त घेतो. १५ वर्षांपूर्वीच्या वायरिंगमध्ये पंख्याच्या आणि दिव्याच्या बोर्डाला एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची तार असते. तिच्यावर मोठे सॉकेट बसवून एसी जोडला, तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. मे महिन्याच्या शेवटी मात्र भिंतीतल्या पाइपात तारेचे आवरण मऊ पडू लागते. एसीसाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून थेट वेगळी लाइन ओढावी, तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी, तिला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) असावा, आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किती लिहिला आहे तेही पाहावे. तो अपुरा असेल तर वाढवून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळीही परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल उपयोगी पडतो.

अर्थिंगबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण आपल्या काळ्या मातीत त्याचे वागणे वेगळे असते. पावसाळ्यात ही माती ओली आणि घट्ट असते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालते. एप्रिल उजाडला की तिला हातभर भेगा पडतात, सळई आणि माती यांच्यात पोकळी निर्माण होते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे ज्या दोन महिन्यांत एसी रात्रंदिवस चालायचा असतो, नेमक्या त्याच दोन महिन्यांत अर्थिंग सर्वांत कमजोर असते. दिवाळीत केलेली चाचणी मे महिन्यात उपयोगाची नाही. म्हणून अर्थ टेस्टरने उन्हाळ्यातच मोजणी करून घ्यावी आणि अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून आठवड्यातून एकदा तरी पाणी सोडावे. पाण्याच्या टंचाईत हे सांगणे काहींना विचित्र वाटते. कूलरमधून बदललेले शिळे पाणी त्या खड्ड्यात ओतले तरी काम भागते.

माझ्या हातून झालेली एक चूक इथे नमूद करतो. वर्धा जिल्ह्यातील एका गावात मी व्होल्टेज फक्त दुपारी मोजले, ते २२० भरले, आणि मी निर्धास्तपणे एसी सुरू करून परतलो. त्या घराच्या सर्व्हिस वायरचा न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, खांबावर सैल होता. तीनच दिवसांनी वादळी वारा सुटला, न्यूट्रल हलला, आणि एसीचे सर्किट, टीव्ही आणि दोन पंखे एका झटक्यात गेले. कंपनीने विजेच्या दोषामुळे झालेले नुकसान वॉरंटीत धरले नाही, आणि त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. तेव्हापासून मी संध्याकाळी सातनंतर, म्हणजे डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) सर्वांत जास्त भार असताना, व्होल्टेज पुन्हा मोजल्याशिवाय काम पुरे झाले असे मानत नाही. कमी व्होल्टेज इन्व्हर्टर एसी बऱ्याच प्रमाणात सहन करतो; खरा घात न्यूट्रल तुटून चढणाऱ्या व्होल्टेजने होतो, आणि त्यासाठी जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर किंवा संरक्षक उपकरण लावलेले बरे.

आता वायूचे काम. या कामाचा कागद म्हणजे आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्याचे राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. ज्यांनी आयटीआय केले नाही पण हाताखाली राहून काम शिकले, त्यांच्यासाठी कौशल्य विकास योजनेत पूर्वानुभव तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, आणि इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे एसी फील्ड टेक्निशियनचे प्रमाणपत्रही असते. प्रमाणपत्रावरचा ट्रेड नीट वाचावा. मोटर मेकॅनिकचे किंवा फिटरचे प्रमाणपत्र दाखवून एसी उघडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि घाईत असलेला गिऱ्हाईक फक्त शिक्का पाहतो.

हे शिक्षण कशासाठी लागते, ते समजून घेण्यासाठी एक गोष्ट मनात पक्की बसवावी: एसीतला वायू खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, आत उष्णता उचलतो आणि बाहेर सोडतो. मोटारसायकलच्या पेट्रोलसारखा तो संपत नाही. ‘दर उन्हाळ्याला गॅस टाकावाच लागतो’ हे आपल्या भागात इतके रूढ झाले आहे, की लोक मार्चमध्ये स्वतःहून मिस्त्रीला बोलावतात. वायू कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळला आहे, आणि गळती न शोधता नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे. एका तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात सलग तीन उन्हाळे वायू भरला गेला होता. चौथ्या वर्षी मला बोलावले, तेव्हा साबणाच्या पाण्याने दहा मिनिटांत कळले, की बाहेरच्या यंत्राजवळच्या पितळी नटाखाली नळीचे तोंड तिरपे पसरवलेले होते. नळी इंचभर कापून, तोंड नव्याने पसरवून नट आवळला आणि दोष गेला. आधीच्या तिन्ही वेळचे पैसे व्यर्थ गेले होते, आणि कमी वायूवर चालून कॉम्प्रेसर तापला होता तो वेगळाच.

हल्लीच्या घरगुती एसीत बहुधा आर-३२ हा वायू असतो. जुन्या यंत्रांत आर-२२ असे आणि मधल्या काळातल्या यंत्रांत आर-४१०ए. आर-२२ ओझोनच्या थराला मारक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत आला. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, पण तो सौम्य ज्वलनशील आहे आणि आर-२२ पेक्षा बऱ्याच जास्त दाबावर चालतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत आर-२९० असतो. तो म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वलनशील. यावरून लक्षात येईल, की फ्रिजवर हात बसलेला गावातला मुलगा हुशार असला तरी त्याच्या जुन्या सवयी इथे घातक ठरू शकतात. आर-२२ च्या काळात मिस्त्री यंत्रातलाच थोडा वायू सोडून नळ्यांमधली हवा बाहेर ढकलत. आर-३२ च्या यंत्रात बंद खोलीत असे करणे धोक्याचे आहे. नळीत वायू असतानाच तिला गॅसची ज्योत लावणे हा त्याहून मोठा धोका, कारण आगीची भीती तर असतेच, शिवाय हे वायू ज्वाळेत विघटित होऊन विषारी धूर होतो. आणि गळती तपासायला ऑक्सिजनचा दाब कधीही देऊ नये. वेल्डिंगवाल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर सहज मिळतो, नायट्रोजन मिळत नाही, म्हणून हा मोह होतो. पण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. एसी मिस्त्रीच्या गाडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर दिसला, तर तो सांधे जोडण्यासाठी आहे की दाब देण्यासाठी, हे विचारायला संकोच करू नये.

म्हणून कागदाइतकेच मी हत्यारांना महत्त्व देतो. नवा एसी बसवणाऱ्याकडे व्हॅक्यूम पंप असलाच पाहिजे. नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि दमटपणा पंपाने ओढून काढावा लागतो. आर-३२ च्या यंत्रातले तेल ओलावा फार लवकर शोषते, त्यातून आम्ल तयार होते आणि दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर जातो, तेव्हा कोणाला बसवणाऱ्याची आठवणही राहत नाही. पंप किमान २० ते ३० मिनिटे चालावा, नंतर झडप बंद करून दाबमापकाचा काटा जागेवर थांबतो का ते पाहावे. काटेकोर काम करणाऱ्याकडे मायक्रॉन गेज (नळीत उरलेला सूक्ष्म दाब मोजणारे मीटर) असतो आणि त्यावरचा आकडा ५०० मायक्रॉनच्या खाली उतरतो. ‘नवीन मशीनला व्हॅक्यूम लागत नाही’ असे जो म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवावे. वायू भरायचा प्रसंग आला तर वजनकाटा हवा, कारण बाहेरच्या यंत्राच्या पट्टीवर वायूचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि भरायचा तो तेवढाच. नुसता दाब पाहून किंवा नळीला हात लावून केलेला अंदाज इन्व्हर्टर यंत्रात चालत नाही. नळी तीन मीटरपेक्षा जास्त लांबवायची झाली, तर किती वायू वाढवायचा किंवा वाढवायचाच नाही, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते.

तिसरा कागद कंपनीचा. वॉरंटीच्या काळात यंत्र कोणी बसवले आणि कोणी उघडले याला महत्त्व असते, म्हणून वॉरंटी कार्डावर किंवा खोक्यावर छापलेल्या क्रमांकावरच फोन करून नोंद करावी आणि नोंदीचा क्रमांक लिहून ठेवावा. इंटरनेटवर कंपनीचे नाव टाकून जो पहिला नंबर दिसेल तो लावू नये. तसे खोटे नंबर पसरवून पैसे आणि ओटीपी उकळणाऱ्या टोळ्या आहेत. आलेल्या माणसाला तो नोंदीचा क्रमांक विचारावा. तो त्याच्या मोबाइलवर आलेला असला, तर माणूस खरा. दुकानदाराने पाठवलेला माणूस आणि कंपनीने नेमलेला माणूस हे दरवेळी एकच असतात असे नाही, हेही लक्षात असू द्यावे. तांब्याची जादा नळी, लोखंडी स्टँड, भिंतीला भोक पाडणे आणि तालुक्याबाहेर येण्याचे भाडे यांचे दर काम सुरू होण्यापूर्वीच लिहून घ्यावेत, कारण यंत्र अर्धे लटकत असताना घासाघीस करता येत नाही.

आता शिक्षक महोदयांच्या मूळ पेचाकडे येतो. मला विचाराल तर आठ दिवस थांबावे. वडिलांसाठी तेवढे दिवस कूलरला नव्या वाळ्याच्या ताट्या लावाव्यात, खिडकी किंचित उघडी ठेवावी आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून पडदा बांधावा. कोरड्या नवतप्यात कूलर चांगला चालतो, आर्द्रता वाढल्यावरच तो हरतो. मात्र हे आठ दिवस रिकामे घालवू नयेत. कळंबहून किंवा यवतमाळहून परवानाधारक ठेकेदार बोलावून वेगळी लाइन, एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंग पूर्ण करून घ्यावे, म्हणजे कंपनीचा माणूस येईल तेव्हा त्याला फक्त यंत्र जोडायचे राहील. बरेच बसवणारे वीजजोडणी अपुरी असल्याचे पाहूनही मुकाट्याने जोडून जातात, कारण त्यांना त्या दिवशी आणखी चार गावे करायची असतात.

बाहेरचे यंत्र कुठे ठेवायचे हेही याच दिवसांत ठरवावे. धाब्यावर टिनाच्या शेडखाली ते ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. सावली मिळते असे वाटते, पण टिनाखाली गरम हवा कोंडते आणि यंत्र आपलीच फेकलेली हवा परत ओढते. एसीची छापलेली क्षमता बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात ते ४५ च्या पुढे जाते, त्यामुळे दीड टनाचे यंत्र प्रत्यक्षात दीड टनाइतके गार करीत नाही; त्यात कोंडलेल्या हवेची भर कशाला घालायची? उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीला, मोकळ्या हवेत, आणि शिडी लावून सुरक्षितपणे हात पोहोचेल अशा उंचीवर ते असावे. वणी किंवा चंद्रपूरकडे कोळशाची धूळ आणि जिनिंगच्या गावांत कापसाचे तंतू त्याच्या जाळीत अडकतात, तेव्हा ते धुण्यासाठी वर्षातून दोन-तीनदा तिथे जावे लागणारच आहे.

गावातल्या त्या मुलाला मात्र तोडू नये. पाण्याच्या पंपाने बाहेरच्या यंत्राची जाळी धुणे, आतले फिल्टर साफ करणे, पाण्याची निचरा नळी मोकळी करणे, ही कामे त्याला जरूर द्यावीत. त्यांत सीलबंद वायूच्या मार्गाला हात लागत नाही. कंपनीचा माणूस काम करीत असताना त्याला शेजारी उभे राहून पाहू द्यावे, आणि पूर्वानुभवाच्या प्रमाणपत्राची माहिती शिक्षक या नात्याने आपणच त्याला द्यावी. वॉरंटी संपल्यावर आठ दिवस वाट पाहायची वेळ पुन्हा येईल, तेव्हा गावात शिकलेला हात असणे सर्वांच्याच सोयीचे आहे.

पैसे देण्यापूर्वी यंत्र २० मिनिटे जोरात चालवावे आणि साधा तापमापक घेऊन आत जाणारी व बाहेर येणारी हवा मोजावी. दोन्हींत ८ ते १२ अंशांचा फरक असेल तर काम ठीक आहे. बिल घ्यावेच. लहान मिस्त्रीकडे जीएसटी क्रमांक नसेल तरी त्याचे नाव, पत्ता, तारीख आणि सही असलेली पावती चालते. तक्रार करण्याची वेळ आली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात जाण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणात शुल्क लागत नाही; राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. पावती नसेल तर मात्र तिथे बोलायला काही उरत नाही.

त्या पावतीच्या मागे मिस्त्रीकडून चार आकडे लिहून घ्यावेत: दोन्ही यंत्रांचे अनुक्रमांक, व्हॅक्यूम किती वेळ केला, चालू यंत्राचे अँपिअर आणि त्या वेळचे व्होल्टेज. हा कागद मीटरच्या बोर्डाजवळ ठेवावा. पुढच्या वर्षी एसी कमी गार करतो असे वाटले आणि कोणी दारात येऊन ‘गॅस कमी आहे’ म्हणाला, तर आधी जाळी धुवावी, मग त्याला अँपिअर मोजायला लावून मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावे, आणि गळतीची जागा बोट लावून दाखवल्याशिवाय सिलिंडरची झडप उघडू देऊ नये.